टाकीच्या तळास खडे की रेती?

लोहाऱ्यात ज्या घरी काचेच्या टाकीत मासे पाळले जातात, तेथे तळास खड्यांऐवजी रेती असावी, असे आमचे मत आहे. खड्यांच्या फटींत उरलेले खाद्य शिरून कुजते. रेतीवर ते वरच राहते व नळीने ओढून काढता येते. परंतु सारा तळ एकाच दिवशी बदलला की पुष्कळदा मासे दगावतात आणि दोष मात्र बिचाऱ्या रेतीस येतो. माशांच्या मलमूत्रातील विषारी अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू त्या खड्यांवरच वसलेले असतात. आपल्या शेतातही नत्राचे हेच कार्य असेच जीवाणू करीत असतात. म्हणून जुने खडे जाळीच्या पिशवीत बांधून तीन-चार आठवडे टाकीतच ठेवावेत. रेती पाणी निवळेपर्यंत धुवावी. थर दोन बोटे पुरे; जाड थराच्या बुडाशी हवा पोचत नाही, तो काळा पडतो व दुर्गंधी सुटते.