विश्लेषण : बुरशी लागलेला मका गोठ्यात, विष दुधातून पुन्हा घरात

कुरकुंभ म्हटले की पुणे-सोलापूर महामार्गालगतची रासायनिक औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढे येते. प्रदूषणाची चर्चाही धूर आणि सांडपाण्याभोवतीच फिरते. मात्र दौंड-शिरूरसारख्या बाजरी, मका आणि दुभत्या जनावरांच्या पट्ट्याला आणखी एका विषाचा धोका आहे. त्याला धुराडे नाही, रंग नाही, चवही नाही. ते नीट न वाळलेल्या धान्यावरच्या बुरशीतून तयार होते.

हे विष नेमके काय?

मका, शेंगदाणा आणि सरकी यांवर वाढणारी ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाणा पेंडीचा शोध घेताना हे विष सापडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश मानवाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पहिल्या गटात केला आहे. त्याचा मुख्य घाव यकृतावर बसतो. ज्यांच्या शरीरात ‘हिपॅटायटिस बी’चा विषाणू आहे, त्यांच्यासाठी ते सुमारे ३० पट अधिक घातक ठरते.

भाकरी भाजून किंवा दूध उकळून हे विष जात नाही. ते नष्ट व्हायला स्वयंपाकघरात मिळते त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. बुरशी झटकली, धान्य उन्हात घातले तरी आधी तयार झालेले विष दाण्यात राहते.

आपल्याकडे असे घडले आहे का?

१९५० च्या दशकात तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेली बाजरी खाल्ल्याने विषबाधेची साथ आली होती. अरगट हाही बुरशीचाच रोग. त्यात कणसातून मधासारखा चिकट द्रव गळतो आणि दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठी तयार होतात. त्या पिठात गेल्या की मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील बांसवाडा आणि पंचमहाल भागात अवेळी पावसाने भिजलेला मका खाऊन सुमारे ४०० जण आजारी पडले. १०६ जणांचा मृत्यू झाला. बाधित घरांतील कुत्रीही मेली. मका हेच तिथले रोजचे अन्न होते आणि भिजला म्हणून टाकून द्यावा, अशी कुणाची ऐपत नव्हती.

अशी साथ आली की बातमी होते. रोज थोडे-थोडे विष पोटात जाते तेव्हा बातमी होत नाही. वर्षांनंतर यकृत बिघडते, तेव्हा त्याचा संबंध कणगीतल्या धान्याशी कुणी जोडत नाही.

दुधाचा संबंध कुठे येतो?

‘माणसांना नको, जनावरांना घाला’ हा गावोगावचा रिवाज आहे. परतीच्या पावसात भिजलेला मका, कुबट वास येणारी पेंड, बुरशी धरलेला मुरघास गव्हाणीत जातो. जनावराच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिन बी-१ पैकी साधारण एक ते सहा टक्के भाग ‘एम-१’ या रूपात दुधात उतरतो. त्याला एक दिवसही लागत नाही. खाद्य बदलले की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. म्हणजे हा दोष दुरुस्त होण्याजोगा आहे. पण त्यासाठी तो आधी कळायला हवा.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०१८ मध्ये केलेल्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत एम-१ मर्यादेपेक्षा जास्त आढळले. दुधात पाणी आणि युरिया शोधण्याच्या गडबडीत हा आकडा फारसा चर्चेत आला नाही. दूध हे लहान मुलांचे मुख्य अन्न आहे, म्हणून तो अधिक गंभीर.

नियम काय सांगतात?

भारतात तृणधान्यांत एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, तर दुधात एम-१ ची मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम आहे. युरोपीय संघात दुधासाठी हीच मर्यादा ०.०५, म्हणजे दहापट कडक आहे. त्यामुळे निर्यातीच्या शेंगदाण्याची खेप प्रयोगशाळेतून तपासून जाते. गावच्या गिरणीत दळले जाणारे धान्य आणि गोठ्यात रिकामी होणारी पेंडीची गोणी मात्र कुणी तपासत नाही. संकलन केंद्रावर दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो. एम-१ त्या यंत्रावर दिसत नाही, त्यामुळे चांगले खाद्य घालणाऱ्याला एक पैसाही जास्त मिळत नाही.

मग करायचे काय?

शेतकऱ्याच्या हातातले उपाय साधे आहेत. मका १३ टक्क्यांपर्यंत, शेंगा ८-९ टक्क्यांपर्यंत ओलावा येईस्तोवर वाळवाव्यात. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. काळे, फुटके, सुरकुतलेले दाणे निवडून टाकावेत. बहुतेक विष अशा थोड्या दाण्यांतच साठलेले असते. बाजरीचे बियाणे पेरण्यापूर्वी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बुडवावे, तरंगणाऱ्या गाठी काढून नष्ट कराव्यात आणि बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. निवडलेले खराब दाणे गव्हाणीत किंवा कोंबड्यांपुढे टाकू नयेत.

पण सगळा भार शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. पावसात भिजलेला मका वाळवायला खळे नाही, यंत्र नाही आणि पेंडीचे दर परवडत नाहीत, तेव्हा ‘फेकून द्या’ हा सल्ला त्याला महागात पडतो. बाजार समित्या आणि शेतकरी कंपन्यांकडे ओलावा मापक व वाळवणी यंत्रे हवीत. गावातील दूध शीतकरण केंद्रांवर एम-१ ची पट्टी-चाचणी ठरावीक दिवसांनी व्हायला हवी. दोष निघाला तर दंडाआधी खाद्याची गोणी तपासावी आणि ती विकणाऱ्याला जबाबदार धरावे. दुभत्या जनावरांच्या पशुखाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोने बी-१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. ती कागदावर न राहता गोणीवर छापली जावी आणि अन्न व औषध प्रशासनाने तिचे नमुने घ्यावेत. स्वच्छ दुधाला दोन रुपये जास्त मिळू लागले, तर कुबट मका गव्हाणीत टाकण्याआधी शेतकरी स्वतःच थांबेल.