मलेरियाची लस पुण्याची, मग शोध ऑक्सफर्डचा कसा?

आफ्रिकेतल्या लहान मुलांना दिली जाणारी मलेरियाची 'आर२१' लस पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट बनवते. शोध मात्र ऑक्सफर्ड विद्यापीठाचा. कोव्हिशील्ड आठवतेय ना? तिचा शोधही तिथलाच.

कंपनीला यात काय मिळतं? मुख्य म्हणजे, सुरुवातीची अनेक वर्षं वाचतात. मलेरियावरचे कितीतरी प्रयोग फसले. विद्यापीठात असं अपयश अनुदानाच्या पैशातून पचवता येतं. कंपनीच्या ताळेबंदात ते खुपतं. 'आर२१'मध्ये दम दिसल्यावर सीरमने तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत पैसा घातला, म्हणजे जोखीम घेतलीच, पण बरीच कमी झालेली. ऑक्टोबर २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. डोसची किंमत २ ते ४ डॉलर, वर्षाला १० कोटी डोसची क्षमता. एवढं उत्पादन कुठलंच विद्यापीठ करू शकत नाही, त्यामुळे गरज दोघांनाही होती.

आता आपल्याकडे बघा. २०२०-२१मध्ये भारताचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता आणि त्यातला निम्म्याहून जास्त सरकारी. प्रयोगशाळेत फसायलाच पैसे नसतील, तर पुण्याच्या कंपनीला पुढची लसही बहुधा बाहेरच शोधावी लागेल.