वृद्धाश्रमाची पारख

नमुना पाहिल्यावाचून सौदा न करणारे कुटुंब वृद्धाश्रम पाहावयास जाते, तेव्हा मात्र दिवाणखाना आणि देणगीदारांच्या पाट्या पाहून परतते. पाहावे ते न्हाणीघर. तेथे धरावयास दांडा आहे का, फरशी कोरडी आहे का. रात्री दोन वाजता हाक मारल्यास कोण येते, हे तेथील वृद्धांनाच विचारावे. सूर्यास्तापूर्वी भोजन मिळते, असे कौतुकाने सांगितले जाते. सोय चांगलीच, परंतु मधुमेही वृद्धाचे इन्सुलिन डॉक्टरांनी त्या वेळेशी जुळवून दिले आहे का? नसेल, तर रात्रीच्या दीर्घ उपवासात रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. औषधांची नोंदवही अवश्य मागावी. इंग्लंडमध्ये सरकारी तपासनीस पुष्कळदा पूर्वसूचनेवाचून येतात. कुटुंबानेही दुसरी भेट न कळवता, सायंकाळी द्यावी.