अथेन्सचे परगावचे वकील

इसवी सनापूर्वी 155 मध्ये अथेन्सवर रोमपुढे हात जोडायची पाळी आली. शेजारचं ओरोपस लुटल्याबद्दल शहराला 500 टॅलंटचा दंड झाला होता आणि तो कमी करून घ्यायचा होता. त्यासाठी अथेन्सने ना सेनापती पाठवले ना सावकार, तीन तत्त्वज्ञ पाठवले: प्लेटोच्या अकादमीचा प्रमुख कार्नीअडीस, स्टोइकांचा प्रमुख डायोजिनीस आणि ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला क्रिटोलाऊस. रोममधली तरुण मंडळी त्यांच्या व्याख्यानांना लोटली. कार्नीअडीस एके दिवशी न्यायाची बाजू घेऊन बोलला आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच तयारीने न्यायाच्या विरोधात. सेनेटमधला म्हातारा केटो हबकला. या पाहुण्यांचं काम एकदाचं उरका आणि त्यांना वाटेला लावा, असा धोशा त्याने सेनेटमागे लावला.

हा प्रसंग केटोच्या फजितीसाठी सांगितला जातो. आम्हाला त्यातलं वेगळंच काही लक्षात राहिलं. या तिघांतला एकही जन्माने अथेन्सचा नव्हता. कार्नीअडीस आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सायरीनीचा, क्रिटोलाऊस आजच्या तुर्कस्तानातल्या फॅसेलिसचा आणि डायोजिनीस तर थेट टायग्रिसकाठच्या सेल्युकियाचा. अथेन्सची अब्रू राखायला गेलेले सगळे परगावचे!

यंदाचा अंक ग्रीकांवर काढायचं ठरलं, तेव्हा लेखकांना आम्ही एकच अट घातली. सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल ही त्रिमूर्ती मराठी वाचकाच्या ओळखीची आहे, तेव्हा इ.स.पू. 323 मध्ये अलेक्झांडर बॅबिलोनला मेला, तिथून पुढचं लिहा. तिथपासून इ.स.पू. 30 मधल्या क्लिओपात्राच्या मृत्यूपर्यंतची तीन शतकं अभ्यासक्रमात एखाद्या परिच्छेदात आटोपतात. सुवर्णकाळ संपला, पुढे उतार, असा एकूण सूर. आम्हाला ते पटत नाही. ग्रीक विचार जगाचा झाला तो याच काळात, आणि तो झाला तो बाहेरच्यांनी ताब्यात घेतला म्हणून.

स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो सायप्रसमधल्या किटिऑनचा. त्या गावात फिनिशियनांची मोठी वस्ती होती आणि त्यालाही लोक फिनिशियनच म्हणत. परंपरा सांगते, की जहाज फुटलं म्हणून हा व्यापारी अथेन्सला अडकला आणि एका पुस्तकविक्याच्या दुकानात तत्त्वज्ञानाच्या नादी लागला. पुढे बाजारपेठेजवळच्या चित्रं काढलेल्या ओसरीत तो शिकवू लागला. त्याहून विलक्षण माणूस म्हणजे क्लायटोमाकस. याचं खरं नाव हस्द्रुबल, गाव कार्थेज. कार्नीअडीसचा शिष्य होऊन तो पुढे अकादमीच्या प्रमुखपदी पोचला. इ.स.पू. 146 मध्ये रोमने कार्थेज बेचिराख केलं, तेव्हा त्याने कैदेतल्या आपल्या गाववाल्यांसाठी सांत्वनाचा ग्रंथ लिहिला. गाव जळालं कार्थेजच्या माणसाचं आणि दुःख कसं सोसावं हे त्याने सांगितलं ग्रीक तत्त्वज्ञानाच्या आधाराने. प्लेटोच्या गादीचा याहून अस्सल वारस आम्हाला तरी दिसत नाही.

याचा अर्थ सगळं गोडीगुलाबीने झालं, असा मुळीच नाही. अलेक्झांडरने बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या भागात, जे ग्रीक सैनिक वसवले त्यांना तिथे राहायचंच नव्हतं. राजा मेल्याचं कळताच वीसएक हजार जण घरच्या वाटेला लागले. मॅसिडोनियाच्या फौजेने त्यांना शस्त्रं खाली ठेवायला लावली आणि मग कापून काढलं. तिकडे इजिप्तमध्ये टॉलेमी घराण्याने जवळजवळ तीनशे वर्षं राज्य केलं. प्लुटार्क सांगतो, की त्या घराण्यात प्रजेची भाषा शिकलेली पहिली व्यक्ती क्लिओपात्रा, म्हणजे शेवटची राणी! संस्कृतीच्या प्रसाराबद्दल भारावून बोलणाऱ्यांनी हे दोन्ही ध्यानात ठेवावं.

तरीही त्याच बॅक्ट्रियात, अमू दर्या आणि कोकचा या नद्यांच्या संगमावर, ऐ खानूम इथे एक पूर्ण ग्रीक शहर उभं राहिलं. पॉल बर्नार यांच्या फ्रेंच पथकाने 1978 पर्यंत तिथे खोदकाम केलं. प्रचंड नाट्यगृह निघालं, व्यायामशाळा निघाली आणि कोशागारात तत्त्वचर्चेच्या एका पपायरसचा मातीत उमटलेला ठसा सापडला. पपायरस केव्हाच कुजून गेला, शाई मात्र मातीला चिकटून राहिली. शहराच्या संस्थापकाच्या समाधीजवळ क्लिआर्कस नावाच्या माणसाने डेल्फीची नीतिवचनं कोरवली होती आणि ती आपण स्वतः तिथे जाऊन काळजीपूर्वक उतरवून आणल्याचंही नमूद केलं होतं. डेल्फी तिथून हजारो किलोमीटर दूर! अशा या शहराचं मुख्य देऊळ मात्र ग्रीक धाटणीचं नाही. त्याचा आराखडा मेसोपोटेमियाच्या वळणाचा आहे. डेल्फीची वचनं शब्दशः हवीत, पण देवाचं घर इकडच्या रीतीचं चालेल, असा त्या लोकांचा हिशेब असावा.

आपल्याकडे हा प्रवास उलटा दिसतो: इथे यवन, म्हणजे ग्रीक म्हणून ओळखले जाणारे लोक, इथलं वळण घेताना दिसतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या यवनांनी खांब दान दिले आहेत आणि त्यांची नावं सिंहध्वज, धर्म अशा वळणाची आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवली, चित नावाच्या दुसऱ्याने संघासाठी भोजनमंडप बांधवला. सगळे लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने, म्हणजे यवनानेच, आईवडिलांच्या सन्मानार्थ लेणं दिलं. त्याच डोंगरावर तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा मुलगा सातकर्णी शक, यवन आणि पल्हवांचा संहार करणारा होता, असं त्यात अभिमानाने कोरलं आहे. एका डोंगरावर ही दोन्ही वाक्यं सुखाने नांदत आली आहेत. राजाच्या प्रशस्तीत यवन शत्रू आहे आणि भिक्षूंच्या वहीत दाता.

हे यवन खरोखर ग्रीक होते का, यावर विद्वानांत जुना वाद आहे. कुणी त्यांना ग्रीक मानतात, कुणी समुद्रापलीकडून आलेले कोणीही पश्चिमेकडचे व्यापारी, तर कुणी यवन म्हणवणारे इथलेच लोक. या अंकात दोन लेखक या प्रश्नावर एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलले आहेत आणि दोघांनीही समजुतीने घ्यायला साफ नकार दिला. आमचं मत विचाराल तर रक्ताची कसोटी इथे लावण्यात फार हशील नाही. ती लावली तर स्टोइकांचा संस्थापकच आधी बाद होईल. दोन्ही लेख समोरासमोरच्या पानांवर सुरू होतात. आधी कोणता वाचायचा ते तुम्ही ठरवा, आणि फराळ आटोपल्यावर भांडायचं असेल तर पत्रं जरूर पाठवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू. शुभ दीपावली.