बालवैद्य आणि प्रयोगशाळा

रोटाव्हायरसवरील देशी लस २०१६ साली राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात दाखल झाली, तेव्हा तिच्या स्वस्ताईचे कौतुक पुष्कळ झाले. ती घडण्यास किती काळ लागला, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८५-८६च्या सुमारास काही नवजात अर्भकांच्या शरीरात हा विषाणू आढळला. पण त्यांना अतिसार झालेला नव्हता. केवळ रुग्ण तपासणारा वैद्य येथेच थांबला असता. लक्षण नाही, तेव्हा उपचाराचाही प्रश्न नाही. केवळ प्रयोगशाळेत बसणाऱ्या शास्त्रज्ञाला ती अर्भके दिसलीच नसती. डॉ. महाराज किशन भान हे बालरोगतज्ज्ञ होते आणि प्रयोगशाळेची भाषाही जाणत होते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे पदवीशिक्षण झाले होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांचा पुढे पाठपुरावा केला, तेव्हा त्यांना तीव्र अतिसारापासून संरक्षण मिळाल्याचे दिसले. त्याच विषाणूवंशापासून लस बनली. दिल्ली, पुणे व वेल्लोर येथील ६,७९९ बालकांवर तिची चाचणी झाली. पहिल्या वर्षात तीव्र आजारापासून निम्म्याहून थोडे अधिक संरक्षण मिळते, असे २०१३ साली जाहीर झाले. निरीक्षणापासून लसीकरणापर्यंत तीस वर्षे!

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने वैद्यकात का डोकवावे, असे कोणी विचारील. पण प्रश्न मुळात गुंतवणुकीचाच आहे. बारावीनंतर साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस., पुढे तीन वर्षे एम.डी., मधली प्रवेशपरीक्षेची तयारी आणि बंधपत्राची सेवा, असे करता करता बालवैद्य तिशीच्या उंबरठ्यावर येतो. त्याच वेळी त्याच्यापुढे खाजगी व्यवसायाची निश्चित मिळकत उभी असते. ती सोडून पेशीसंवर्धन शिकण्यात चार-पाच वर्षे घालवणे याची किंमत एकट्याने त्या तरुणाने मोजायची, आणि फळ मात्र लक्षावधी अनोळखी बालकांना मिळायचे. असा माल बाजार कधीच पुरेसा निर्माण करीत नाही; हे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गातच शिकवतो.

एम.डी.साठी प्रबंध सक्तीचा आहे आणि अध्यापकांच्या बढतीला शोधनिबंधांची अटही आहे, हे खरे. पण अशा सक्तीतून निबंध निपजतात, संशोधक निपजतीलच असे नाही. माझ्या एका सहकाऱ्याची कन्या एम.डी. झाल्यावर मोठ्या उमेदीने एका वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाली. संशोधनासाठी तिला आठवड्यातून एक दुपार मिळे, तीही बाह्यरुग्ण विभागात गर्दी नसली तर. गर्दी कधी नव्हती? मार्गदर्शक सज्जन होते, परंतु त्यांनी स्वतःच वीस वर्षांत प्रयोगशाळेत पाऊल टाकलेले नव्हते. दीड वर्षात तिने राजीनामा दिला.

अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानातून उमेदवार वैद्य-शास्त्रज्ञांना जी अधिछात्रवृत्ती मिळते, तिच्यात साधारणपणे कामाचा पाऊण वेळ संशोधनासाठी राखून ठेवण्याची अट असते, आणि अनुभवी मार्गदर्शकाचे नाव आधी द्यावे लागते. तरीही तेथे असे वैद्य कमी पडतात, अशी तक्रार १९७९ पासून छापली जात आहे. आपल्याकडे २००८ पासून वेलकम ट्रस्ट व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या संयुक्त योजनेतून वैद्यांना अधिछात्रवृत्त्या मिळू लागल्या, ही मोठीच सोय झाली. परंतु रुग्णालयात त्या वैद्याची जागा भरून काढणारा दुसरा वैद्य नेमण्याचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न अशा वृत्तीने आपोआप सुटत नाही. माझ्या मते राज्य शासनाने आधी याच खर्चाला हात घालावा. प्रत्येक शासकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात एक जादा पद, आणि त्या बदल्यात एका तरुणाला तीन वर्षे प्रयोगशाळा. पुण्या-मुंबईत मूलभूत विज्ञानाच्या उत्तम संस्था आहेत. मार्गदर्शक तेथून मिळू शकतील, आणि त्यांनी दिलेला वेळ त्यांच्या सेवापुस्तकात मोजला जावा.

सहकाऱ्याची ती कन्या आता स्वतःचा दवाखाना चालवते. तो उत्तम चालतो, असे ऐकतो.