घुमा, मुखदुर्बळ की आतल्या गाठीचा?



‘पहिला माणूस कसा निवडाल’ या व्हिडिओत मी एक वाक्य बोलून गेलो होतो. "कमी बोलणाऱ्या माणसाला घाबरू नका, पण त्याच्यावर लक्ष ठेवा." एडिटिंगला बसलो तेव्हाच ते खटकलं. लक्ष कशासाठी ठेवायचं? चोर आहे का तो? पण वाक्य कापलं नाही, आणि अनेकांनी तेच नेमकं वहीत लिहून घेतलं असणार. म्हणून आज हा लेख. यात माझी एक चूक आहे. ती कॅमेऱ्यासमोर सांगायचा धीर अजून झालेला नाही.

दुकान सुरू झालं तेव्हा आम्ही दोघं भागीदार होतो. मी आणि बीबीएचा माझा मित्र. इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, तालुक्याचं गाव. मी काउंटरवर, तो आत बिलं आणि हिशोब बघायला. भागीदार इतका शांत की घरचे मला म्हणायचे, "त्याच्याकडून शिक जरा." कधी आवाज चढवला नाही. कोणी कौतुक केलं की मान खाली घालून म्हणायचा, "माझं काय, मी आपला मागे राहून काम करणारा माणूस."

दुसऱ्या वर्षी आम्ही एक मुलगा कामाला ठेवला. बावीस-तेवीसचा असेल. तोही शांत, पण वेगळ्या तऱ्हेनं. बोलताना डोळ्यांत बघायचा नाही. रोज दीड वाजता म्हणजे दीड वाजताच डबा खायचा, समोर गिऱ्हाईक असलं तरी. दिवाळीच्या गर्दीत कानावर हात ठेवून गोडाऊनमध्ये जाऊन उभा राहायचा. पण कुठल्या रॅकमध्ये कुठल्या कंपनीचा कितीचा एमसीबी आहे, हे न बघता सांगायचा. एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "हा बल्ब घेऊ नका, यातले परत खूप येतात." मी कपाळावर हात मारला. गिऱ्हाइकानं महागातला घेतला, तो भाग वेगळा.

आपल्या भाषेत गप्प माणसाला किती शब्द आहेत बघा. घुमा, मुखदुर्बळ, माणूसघाणा, आतल्या गाठीचा. गावात हे सगळे एकाच माणसाला एका दमात चिकटवले जातात. शास्त्रीय शब्दांनी तर आणखी घोळ घातलाय. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात, आणि स्वतःच्याच प्रेमात असलेल्या माणसाला, म्हणजे नार्सिसिस्टला, आपण आत्ममग्न म्हणतो. स्व काय आणि आत्म काय, ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं. वर अंतर्मुख आहेच. तीन अगदी वेगळ्या गोष्टी आणि तिन्ही शब्द सांगतात की माणूस ‘स्वतःतच’ आहे.

अंतर्मुख म्हणजे ज्याची बॅटरी माणसांत उतरते आणि एकांतात चार्ज होते. कार्ल युंगनं 1921 च्या पुस्तकात बहिर्मुख-अंतर्मुख ही जोडी मांडली. तो आजार नाही, स्वभाव आहे. मी स्वतः तसाच आहे, हे कोणाला खरं वाटत नाही. दिवसभराचं ट्रेनिंग संपलं की मी अर्धा तास गाडीत नुसता बसतो, फोनही उचलत नाही.

ऑटिझम ही मेंदूच्या वाढीतली वेगळी ठेवण आहे. लहानपणापासून असते, मोठेपणी अचानक लागत नाही. इशारे, टोमणे, चेहऱ्यावरचे भाव वाचायला अवघड जातं. आवाज किंवा उजेड सोसत नाही, ठरलेला क्रम मोडला की त्रास होतो. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत त्याचा समावेश आहे. डेमियन मिल्टन नावाचे संशोधक स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी 2012 मध्ये मांडलेला मुद्दा मला फार पटतो. ऑटिस्टिक माणसाला आपण कळत नाही हे खरं, पण आपल्याला तरी तो कुठे कळतो? गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो.

आणि छुपा नार्सिसिझम? आपल्या डोळ्यांसमोर नार्सिसिस्ट म्हणजे छाती काढून चालणारा, फ्लेक्सवर फोटो लावणारा. पण पॉल विंक या मानसशास्त्रज्ञानं 1991 मध्येच या स्वभावाचे दोन चेहरे दाखवले होते, एक मिरवणारा आणि दुसरा हळवा, चटकन दुखावणारा. दुसरा मिरवत नाही. आपण खास आहोत पण जगाला आपली किंमत कळली नाही, हे तो आत कुढत धरून बसतो. हा प्रकार डॉक्टरांच्या पुस्तकात स्वतंत्र आजार म्हणून नाही. त्यातही गंमत अशी की अभ्यासांत हा हळवा प्रकार अंतर्मुखतेच्या जवळचाच दिसतो. त्यामुळे कोण किती बोलतं यावरून काहीच ठरत नाही. मी मात्र त्यावरूनच ठरवलं होतं.

झालं असं. एका ठेकेदाराच्या साइटवर अडीचच्या वायरच्या चौदा कॉइल गेल्या आणि बिल झालं दहाचं. बिल भागीदारानं केलं होतं. सोमवारी स्टॉक मोजून मुलगा बाहेर आला आणि दोन गिऱ्हाइकांच्या समोर म्हणाला, "दादा, बिलात चार कॉइल कमी आहेत. बिल यांनी केलंय." त्याला वाटलं, चूक सापडली, सांगितली, काम झालं. भागीदार एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी लवकर घरी गेला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "माझ्यावर विश्वास नसेल तर मी बाजूला होतो. मी किती केलं ते कोणाला दिसायचं नाही." चूक त्याची आणि माफी मागितली मी! चार कॉइलचं पुढे काय झालं हे विचारायचंही राहून गेलं.

मग तीन महिने तो हळूहळू बोलत राहिला. तक्रार कधीच नाही. "मला काय त्याचं, पण अमुक काका म्हणत होते, मुलगा उद्धट आहे." "तू चिडशील म्हणून सांगत नव्हतो." मी त्या अमुक काकांना एकदाही विचारलं नाही. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मुलाचा हिशोब करून त्याला काढलं. त्यानं फक्त विचारलं, "उद्यापासून की आजपासून?"

पुढच्या वर्षी माझी पाळी आली. सगळा नफा मीच खातो आणि भागीदाराला कसा राबवतो, हे मला आमच्या होलसेलरकडून कळलं. डीडमध्ये वेगळं व्हायचं कलम धड नव्हतं, आठ महिने घासाघीस झाली. (भागीदारीचं डीड लिहिताना कसं वेगळं व्हायचं ते आधी लिहा, हे मी प्रत्येक बॅचला का सांगतो ते आता कळलं असेल.) त्यानंतर एक दिवस तेच अमुक काका दुकानात आले आणि म्हणाले, "तो खरं सांगणारा पोरगा कुठे गेला हो?"

आता मागे वळून बघताना फरक कुठे दिसत होता ते सांगतो. आमच्या हमालाच्या पायावर केबलचा ड्रम पडला होता. भागीदार लगेच पुढे आला, खांद्यावर हात ठेवला, नेमकं जे बोलायला हवं ते बोलला. संध्याकाळी मला म्हणाला, "आता हा पगारी सुट्टी मागणार बघ." मुलगा तेव्हा नुसता खांबासारखा उभा होता. मला वाटलं, दगड आहे. पण पुढचे दहा दिवस तो रोज हमालाला विचारत होता, "सकाळची गोळी घेतली का?" आणि पट्टीवरच्या गोळ्या मोजून बघत होता. एकाला समोरच्याचं मन वाचता येत होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं. दुसऱ्याला वाचता येत नव्हतं, वाटत मात्र होतं.

चूक दाखवल्यावर काय होतं, ही मला सगळ्यात खात्रीची जागा वाटते. अंतर्मुख माणूस त्या वेळी गप्प बसेल, रात्री लांबलचक मेसेज पाठवेल आणि सकाळी काम दुरुस्त केलेलं असेल. ऑटिस्टिक मुलगा कदाचित वाद घालेल, चारचौघांत ओरडलात तर त्याचा तोलही जाईल. पण शांतपणे आणि स्पष्ट सांगितलं की विचारेल, "मग कसं करू?" तिसऱ्याच्या बाबतीत चूक बघता बघता गायब होते आणि उरतं ते त्याचं दुखावलेपण. तुम्ही समजूत काढत बसता. हिशोब मात्र काही महिन्यांनी चुकता होतो, तोही दुसऱ्याच कुणाच्या तरी पाठीमागून.

पण एका प्रसंगावरून कोणाला शिक्का मारू नका. चूक दाखवली की तुम्ही-आम्हीही एखाद्या दिवशी फुगून बसतोच. मी बघतो ते वर्षभराचं वळण. बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा तो कसा वागला, आणि ज्याच्याकडून काही फायदा नाही त्या पोऱ्याशी कसा बोलतो. माझा भागीदार नार्सिसिस्ट होता असं मी म्हणणार नाही. ते ठरवणारा मी कोण? हल्ली चार रील बघून सासूपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना तो शब्द लावायची साथ आलीय, त्याचाही मला वैताग आहे. निदान हे मानसोपचारतज्ज्ञाचं काम. दुकानदाराचं काम एवढंच, की कोणी तिसऱ्याच्या नावानं काही सांगितलं तर त्या तिसऱ्याला जाऊन विचारायचं. पाच मिनिटांचं काम होतं, मी केलं नाही.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. आईनं चहा ठेवला. लहानपणीच डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली होती, त्या म्हणाल्या. "पण कामाला लावताना सांगितलं की कोणी घेत नाही, म्हणून सांगितलं नाही." आता तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरला आहे.

मी त्याला सॉरी म्हटलं. "कशाबद्दल?" त्यानं विचारलं. म्हटलं, तुझी चूक नसताना काढलं. त्यानं जरा विचार केला. "हो, माझी चूक नव्हती. दिवाळीच्या आधी सांगितलं असतं तर दुसरं काम लवकर मिळालं असतं." मग म्हणाला, "दुसऱ्या रॅकमध्ये सहा अँपिअर आणि सोळा अँपिअरचे सॉकेट अजून एकत्रच आहेत का?"

होते. "रविवारी येऊन लावून देतो. दोन तास लागतील. पैसे घेईन," तो म्हणाला.

रविवारी तो आला. दोन तास दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांचे पैसे त्यानं घेतले नाहीत, कारण ते ठरलेलं नव्हतं.