उलटलेला ट्रॅक्टर घ्यावा की नाही?



डोंगरपायथ्याच्या एका गावातल्या गटाने आम्हाला मागच्या महिन्यात बोलावले होते. गटात अकरा जण, जमीन सगळ्यांची मिळून साठ एकर. निम्मी काळी, निम्मी बरड आणि उताराची. पिके नेहमीचीच : कापूस, तूर, ज्वारी. अकरा घरांत मिळून बैलजोड्या उरल्या आहेत तीन. शेजारच्या गावात पस्तीस हॉर्सपॉवरचा एक ट्रॅक्टर विकायला निघाला होता, नव्याच्या पाव किमतीत. स्वस्त का, ते सगळ्यांना ठाऊक होते. तो ट्रॅक्टर उलटला होता आणि मालक त्याच्याखाली गेला होता.

बैठकीत दोन तट पडले. पोरे म्हणत होती, बैलामागे चालायला घरात माणूस उरला नाही, भाड्याचा ट्रॅक्टर मृगात वेळेवर येत नाही, एवढ्या पैशात पुन्हा मशीन मिळायचे नाही. म्हातारे म्हणत होते, "ज्यानं मालक खाल्ला, तो आपल्याले सोडंन काय?" इसाराचे पैसे गोळा झालेले होते आणि दलाल दाराशी येऊन बसला होता. दोन्ही बाजूंनी आमच्याकडे पाहून विचारले, "साहेब, तुम्ही शेतकी शिकलेले. घ्यायचा का नाही?"

आम्ही त्या दिवशी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. अशा मशीनचा निकाल बैठकीत बसून लागत नाही. आधी ते पाहावे लागते. आम्ही काय पाहिले आणि आमचे मत काय झाले ते इथे मांडतो, कारण असे ट्रॅक्टर आज गावोगाव उभे आहेत.

पहिला प्रश्न : तो उलटला कसा?

कापसाची ट्रॉली नाल्यात फसली होती. मालकाने ट्रॉली सोडून तिला साखळी लावली. साखळी खालच्या ड्रॉबारला लावायची, ती त्याने वर, टॉपलिंकच्या जागी लावली. ट्रॉली हलेना, क्लच झटक्यात सुटला, पुढची चाके उठली आणि ट्रॅक्टर मागच्या मागे पालथा झाला. ओढ मागच्या ॲक्सलच्या खालून लागली तर पुढची चाके सहसा जमीन सोडत नाहीत. तीच ओढ ॲक्सलच्या वरून लागली की ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरतो, आणि फिरायला लागल्यावर उडी मारायला वेळ मिळत नाही. पापणी लवेपर्यंत सगळे संपते.

मग दोष मशीनच्या नशिबाचा नाही, साखळीच्या जागेचा आहे. हे आम्ही म्हाताऱ्यांना सांगितले. पोरांना उलट सांगितले : अपशकुन नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. साखळीची जागा तुम्हीही चुकवू शकता.

दुसरा प्रश्न : आपल्या जमिनीला तो चालेल का?

जे आम्ही पदवीच्या वर्गात शिकलो आणि पुढे वावरात उलटे होताना पाहिले, ते इथे सांगतो. उताराच्या जमिनीची मशागत उताराला आडवी करावी, म्हणजे प्रत्येक तास एक छोटा बांध होतो, पाणी मुरते, माती थांबते. कोरडवाहूत आपली सगळी पुंजी म्हणजे ही वीतभर माती आणि तिच्यात मुरलेले पाणी. पण ट्रॅक्टर चालवणाऱ्याला आडवे चालणे नको असते. एका अंगाला कललेल्या मशीनवर त्याचा जीव टांगलेला असतो. म्हणून तो वरून खाली, खालून वर असा उभा नांगरतो. डिझेल तेवढेच जळते, नांगरट दिसायला छान दिसते, आणि पहिल्या मोठ्या पावसात त्याच तासांतून माती नाल्याला लागते. बैलजोडी असे करत नव्हती. बैल उताराला आडवा निमूट चालतो.

साध्या दोन-तीन टक्के उतारावर, म्हणजे शंभर फुटांत दोन-तीन फूट पडणाऱ्या वावरात, ट्रॅक्टर आडवा चालवायला हरकत नाही. तिथे तो उलटतो तो धुऱ्यावर चढताना, नाल्याच्या काठावर, खड्ड्यात एक चाक गेल्यावर, किंवा भरलेली ट्रॉली उतारावर न्यूट्रलमध्ये सोडल्यावर. त्याहून चढ्या बरडीवर मात्र आमचे मत स्पष्ट आहे : तिथे बैलच. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन काठ्यांवर उतार मोजता येतो, त्याला इंजिनियर लागत नाही. गटाने मोजले. साठांपैकी चौदा एकर ट्रॅक्टरच्या कामाचे नाही असे निघाले.

काही पोरांनी मोबाइलवर युरोपातले उतारावर चालणारे ट्रॅक्टर पाहिले होते. तसा एखादा जुना मिळतो का, असा त्यांचा प्रश्न. तशी मशीन खरीच आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बुर्गडॉर्फची एबी आणि ऑस्ट्रियात वेल्सची रिफॉर्म या कंपन्या ती बनवतात. बुटकी, रुंद, चारही चाके सारखी आणि चारही चाकांना ताकद. वजन जमिनीलगत ठेवलेले. आल्प्सच्या चढावर गवत कापणे आणि गोळा करणे हे त्यांचे मुख्य काम. आपल्या नांगरटीसाठी ती घडवलेली नाहीत. शिवाय मोडलेले मशीन आणि त्याचे सुटे भाग यांच्यात जितके अंतर, तितके ते मशीन महाग. ज्याची वॉशर समुद्रापलीकडून यायची, तो ट्रॅक्टर फुकट मिळाला तरी घेऊ नये. ज्याचे भाग तालुक्याला मिळतात आणि ज्याचे इंजिन गावातला मिस्त्री डोळे मिटून उघडतो, तोच आपला.

त्या लोकांकडून घ्यायची गोष्ट दुसरीच आहे. उलटला तरी चालकाच्या डोक्यावर भार येऊ नये अशी मजबूत फ्रेम. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरला ती १९५९ मध्येच सक्तीची केली. आपल्याकडे अजून बहुतेक ट्रॅक्टर तिच्याशिवायच वावरात फिरतात. उन्हासाठी लावलेले पत्र्याचे छत म्हणजे फ्रेम नव्हे, ते वजनाखाली पापडासारखे चेपते. गावच्या वेल्डरने जोडलेले पाइपही नव्हेत. त्या मॉडेलसाठी तपासून बनवलेली फ्रेमच बसवा आणि तिच्यासोबत सीटबेल्ट लावा. फ्रेम नसेल तर बेल्ट लावू नका, हेही ध्यानात ठेवा.

तिसरा प्रश्न : आत काय मोडले आहे?

ट्रकला खाली वेगळी चेसिस असते. आपल्या ट्रॅक्टरला ती नसते. इंजिन, क्लचचे घर, गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शियल एकमेकांना बोल्टने जोडून त्यांचेच अंग बनते. म्हणून उलटलेल्या ट्रॅक्टरचे बॉनेट, मडगार्ड, स्टिअरिंग किती चेपले याला महत्त्व नाही. ते पत्र्याचे काम आहे. महत्त्व आहे ते बिडाच्या घरांना. तिथे तडा असला तर ट्रॅक्टरचा कणाच मोडला म्हणायचे.

तडा डोळ्याला दिसत नाही. जागा घासून साफ करा, रॉकेल किंवा डिझेल लावा, थोड्या वेळाने कोरडे पुसा आणि वरून खडूची पूड टाका. तड्यात शिरलेले तेल पुडीवर रेघ काढते. क्लचचे घर, पुढच्या ॲक्सलचा आधार आणि मागच्या चाकांच्या ॲक्सलची घरे अशी तपासा. जिथे नवा रंग दिसेल तिथे आधी.

पालथे पडलेले इंजिन काही वेळ चालू राहिले असेल तर तेल सिलिंडरमध्ये शिरते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून एकदम स्टार्टर मारू नका. इंजेक्टर काढून हाताने फिरवून पाहा. मग सकाळी न सांगता जा, इंजिन थंड आहे ना ते हात लावून बघा आणि सुरू करायला लावा. डिपस्टिकवर तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. ब्रीदरमधून जोराने वाफ येत असेल तर पिस्टन-रिंगांचे काम निघाले. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करा, नांगर किती वेगाने खाली येतो ते पाहा. मीटरवरच्या तासांवर विश्वास ठेवू नका. क्लचच्या पॅडलची झीज खरे तास सांगते. दोन मिस्त्री न्या, दोघांना वेगवेगळे विचारा, आणि जो जास्त खर्च सांगेल त्याच्या दीडपट धरा.

चौथा प्रश्न : हिशेब.

कापसाचा उत्पादन खर्च काढा म्हणून आपण सरकारला सांगतो. तोच पेन्सिल-कागद इथे घ्या. धरून चला की खरेदी १ लाख ४० हजार आणि दुरुस्ती, टायर, फ्रेम मिळून तितकेच, म्हणजे २ लाख ८० हजार. सात वर्षांनी भंगार-किंमत ७० हजार. मग वर्षाची घट ३० हजार. १२ टक्क्यांनी सरासरी भांडवलावर व्याज २१ हजार. विमा, शेड, किरकोळ ९ हजार. ट्रॅक्टर उभा राहिला तरी वर्षाला ६० हजार गेले. चालवायचा खर्च ताशी साडेतीन लिटर डिझेल ९० रुपयांनी ३१५, चालक ७५, तेल-दुरुस्ती ११०, म्हणजे ५००.

वर्षाला ३०० तास काम मिळाले तर तास पडतो ७०० रुपयांना. १०० तासच मिळाले तर ११०० रुपयांना. तुमच्या भागात भाडे ताशी किती आहे ते तुम्हाला ठाऊक. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण रीत हीच. एकट्याने पाच एकरासाठी असा ट्रॅक्टर घेणे म्हणजे दारात हत्ती बांधणे. गटाने ४६ एकरांसाठी घेतला आणि एकरी सगळी कामे मिळून पाच तास धरले तर २३० तास होतात. उरलेले तास बाहेरच्या मळणीतून काढावे लागतील.

आणि वाफसा विसरू नका. एकरी एक तास पेरणी धरली तर ४६ एकरांना दहा-दहा तासांचे साडेचार दिवस लागतात. वाफसा तेवढे दिवस टिकेलच असे नाही. आधी कोणाचे वावर, हे पेरणीच्या दिवशी ठरवायला बसलात तर ट्रॅक्टर राहील आणि गट मोडेल. चिठ्ठ्या आत्ताच टाका, दर वर्षी पहिला नंबर शेवटी जाईल असे लिहून ठेवा. ट्रॅक्टर ऐन मृगात बसला तर काय? म्हणूनच तीन बैलजोड्या विकायच्या नाहीत, हे आम्ही पहिल्या दिवसापासून सांगतो आहोत.

पाचवा प्रश्न : कागद.

आरसी बुक कोणाच्या नावे, इंजिन व चेसिस नंबर जुळतात का, बँकेचा बोजा आहे का. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५, हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावे नोंद. हे हाती येईपर्यंत इसारापलीकडे पैसा देऊ नका. नाव न बदलता ट्रॅक्टर चालवला आणि अपघात झाला तर जुना मालकही अडकतो आणि नवाही. इथे जुना मालक म्हणजे एक विधवा बाई आहे.

तिच्याबद्दल बोलून संपवतो. तिच्या डोक्यावर त्याच ट्रॅक्टरचे कर्ज आहे. दलाल तिला म्हणतो, "अपशकुनी आहे, कोण घेणार, मिळेल ते घे." आणि आपल्या गटातलेच काही जण मनात खूश होते की याच बोलण्याने आणखी दहा हजार सुटतील. आम्हाला लाज वाटली. व्यापारी आपल्या कापसात कवडी काढतो, ओल काढतो, अडल्या-नडल्याला भाव पाडतो, तेव्हा आपण रस्त्यावर येतो. मग अडलेल्या बाईचा भाव आपणच पाडायचा काय?

तिचा भाव असा काढा. त्याच मॉडेलचा, त्याच वयाचा, न उलटलेला ट्रॅक्टर आज कितीला जातो ते तीन ठिकाणी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणि टायर-सुट्या भागांवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे जुन्यांचे त्याआधीचे भाव धरू नका. त्यातून दुरुस्ती वजा करा, फ्रेम वजा करा, जोखमीचे दहा टक्के वजा करा. उरेल तो आकडा कागदावर लिहून तिच्यासमोर ठेवा, वजाबाकी समजावून सांगा. अपशकुनाचा एक रुपयाही वजा करू नका. पैसे थेट तिच्या कर्जखात्यात भरा. दलालाला मध्ये घ्यायचे कारण नाही.

आमचे मत विचाराल तर असे आहे. बिडाच्या घरांत तडा निघाला, तर फुकटही घेऊ नका, इसार बुडाला तरी उठून या. तडा नसेल, कागद साफ असतील, फ्रेम बसवायचे पैसे खरेदीच्याच दिवशी बाजूला काढले असतील, आणि बैल विकायचे नाहीत असे अकरा जणांनी कबूल केले असेल, तर घ्या. सावकाराचा पैसा मात्र यात घालू नका. आणि ट्रॅक्टर घरी आला की मागे, ड्रॉबारच्या वर, तांबड्या रंगाने लिहा : साखळी इथे खाली. ज्याने ते जीव देऊन शिकवले त्याच्या नावाचा नारळ त्या दिवशी फोडा.

खडूची पूड घेऊन आम्ही येत्या रविवारी गटासोबत जाणार आहोत. काय निघाले ते जिल्हा बैठकीत सांगू. तुमच्या गावात असा ट्रॅक्टर उभा असेल तर त्याचा हिशेब लिहून आणा.